कंबर धरली म्हणून ड्रॉवरमधली जुनी गोळी घेतली आणि ऐरोली स्टेशनवर आडवा झालो (मसल रिलॅक्सन्टचे अनुभव सांगा)

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

जूनमध्ये पाण्याचा वीस लिटरचा जार उचलताना कंबरेत अशी उसण भरली की जार तिथेच सोडला आणि मी स्वैपाकघरात फरशीवर चार पायांवर. बायकोला आधी वाटलं काहीतरी शोधतोय. घराजवळच्या डॉक्टरांनी तपासलं, पाय वर उचलून बघितले, म्हणाले नस वगैरे काही नाही, स्नायू आखडलाय, आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एक एक, सोबत अ‍ॅसिडिटीची. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी बंद केल्या. चार उरल्या, त्या गेल्या ड्रॉवरमध्ये. आपल्याकडे कोण टाकतं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या मंगळवारी ऑफिसबाहेर पाणीपुरी खाल्ली, रात्रीपासून जुलाब. बुधवारी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो कारण नेहमीचे गावाला गेलेले, त्यांनी अँटिबायोटिक दिलं, सिप्रोफ्लॉक्सासिन ५००. त्यांनी विचारलं बाकी काही औषध चालू आहे का, मी म्हटलं नाही, आणि तेव्हा ते खरंच होतं. गुरुवारी सकाळी बाथरूममध्ये खाली वाकलो आणि कंबर परत धरली. ड्रॉवर उघडला, जूनवाली गोळी घेतली, बस पकडली, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल. दिघा गाव येईपर्यंत जीभ टाळ्याला चिकटलेली, डोळे मिटायला लागले. ऐरोलीला उतरलो, जिना चढायला लागलो आणि पुढचं सगळं पांढरं. कॉलेजच्या दोन मुलींनी धरून खाली बसवलं, एका काकांनी पाय स्वतःच्या सॅकवर ठेवले (देव त्यांचं भलं करो, सॅकमध्ये डबा होता). रिक्षाने दवाखान्यात नेलं तर बीपी ८०/५०.

तिथले डॉक्टर विचारतात, काय घेतलंत? मी म्हटलं इडली. म्हणाले, औषध काय घेतलंत ते विचारतोय.

मोबाईलमधला स्ट्रिपचा फोटो दाखवला, टिझानिडीन २ मिग्रॅ आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक. त्यांनी कपाळाला हात लावला. सलाईन लावलं, चार तास झोपवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं. म्हणाले सिप्रो आणि हे टिझानिडीन कधीच एकत्र घ्यायचं नसतं, नशीब तुमचं की ही एकच गोळी घेतली.

मला राग ह्याचा आलाय की दोन्ही डॉक्टर बरोबर होते, केमिस्टही बरोबर होता, आणि तरी मी जिन्यावर पडलो. ह्या स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांबद्दल आपल्याला माहीत काय असतं? कुणाकुणाचे अनुभव आहेत ते लिहा.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:३२

इडलीवर हसलो, सॉरी. आता बरे आहात ना?

माझा अनुभव झोपेचा. मानेला लचक भरली होती, गोळी सकाळी नऊला घेतली आणि स्कूटर काढून रबाळ्याला निघालो. सिग्नलला थांबलो आणि मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं की सिग्नल सुटून मघाशीच गेलाय, माझे डोळे उघडे होते हो, पण मी तिथे नव्हतो. तेव्हापासून नियम, पहिली गोळी रात्री, घरी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा. अंगाला कशी लागते ते बघायचं, मग पुढे.

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री ११:४०

हो आता ठीक. पाठ अजून कुरकुरते पण गोळीला हात लावलेला नाही.

काउंटरपलीकडून | मंगळवार, सकाळी ७:५५

कोपरखैरण्यात सतरा वर्षं मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे उभा आहे म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, कुणाला डोस सांगणार नाही.

घोडबंदरवासी, तुमच्या बाबतीत झालं ते असं. टिझानिडीन लिव्हरमध्ये एका ठराविक एन्झाइमवर मोडतं, आणि सिप्रो नेमकं तेच एन्झाइम अडवून ठेवतं. त्यामुळे गोळी एकच घेतली तरी रक्तात ती कितीतरी गोळ्यांएवढी होते. फिनलंडमध्ये धडधाकट माणसांवर हे मोजलं होतं, २००४ ला प्रसिद्ध झालं, सिप्रोबरोबर टिझानिडीनचं रक्तातलं एकूण प्रमाण साधारण दहापट झालं. फ्लुव्हॉक्सामीन म्हणून डिप्रेशन आणि ओसीडीसाठी देतात ती गोळी, तिच्याबरोबर तर तेहतीसपट. टिझानिडीन बीपी खाली आणतंच, त्यात तुमच्या अंगातलं पाणी जुलाबाने गेलेलं. पडलात ह्यात नवल नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्येही ते जास्त वेळ राहतं, हे फार कमी जणी सांगतात कारण त्याला कुणी औषध समजतच नाही.

दुसरं म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘कंबरेची गोळी’ म्हणतो ती एक गोळी नसते. आपल्याकडे बहुतेक सगळ्या जोडगोळ्या आहेत. एक वेदनाशामक, अ‍ॅसिक्लोफेनॅक नाहीतर डायक्लोफेनॅक, कधी त्यात पॅरासिटामॉल, आणि वर एक रिलॅक्सन्ट, म्हणजे टिझानिडीन, थायोकोल्चिकोसाइड किंवा क्लोरझॉक्साझोन यांपैकी एक. नावाच्या शेवटी ‘एमआर’ असलं की गिऱ्हाईक म्हणतं ही स्नायूची. पण डायबेटिसच्या ग्लिक्लाझाइडच्या गोळीवरही ‘एमआर’ असतं, तिथे त्याचा अर्थ औषध हळूहळू सुटणारी गोळी. एका आजोबांनी शेजाऱ्याची ‘एमआर’ कंबरेसाठी मागून नेली होती, ती शुगरची निघाली. वेळेवर सून घेऊन आली म्हणून बरं. आणि ‘एसपी’ म्हणजे सूज उतरवायचं एन्झाइम आणि पॅरासिटामॉल घातलेली, त्यात स्नायू सैल करणारं काहीच नसतं.

म्हणून स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आणि आम्ही चार गोळ्या कापून देतो ना, तेव्हा नाव आणि एक्सपायरी बऱ्याचदा आमच्याकडच्या अर्ध्या पट्टीवर राहते. सांगा, ‘नावाच्या बाजूने कापा’. लगेच कापतो. कोणी सांगतच नाही.

निवृत्त_बेलापूर | मंगळवार, सकाळी ९:२०

एवढा बाऊ कशाला? मी गेली तीन वर्षं महिन्यातून आठ-दहा दिवस घेतो, गुडघा कंबर सगळं त्यावर चालतं. केमिस्टला नाव सांगितलं की मिळते. वय ६८, बीपी आणि शुगर सोडलं तर ठणठणीत. आमच्या काळी धागे नव्हते, गोळी घेऊन कामाला जात होतो.

काउंटरपलीकडून | मंगळवार, सकाळी ९:४८

काका, नाव सांगितलं की मिळते हाच तर प्रॉब्लेम आहे. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ना, ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही म्हणून असते. कोण किती पाळतं ते तुम्हीही जाणता मीही जाणतो. माझ्या काउंटरवरूनही गेली असेल कधी, खोटं बोलत नाही.

एक विचारू? बीपीची गोळी कुठली? शेवटी ‘सार्टन’ आहे का, आणि सोबत लघवी जास्त होणारी?

निवृत्त_बेलापूर | मंगळवार, सकाळी १०:०५

टेल्मिसार्टन. आणि हो, त्यातच लघवीचीही आहे म्हणतात, एकत्र येते.

काउंटरपलीकडून | मंगळवार, सकाळी १०:३०

मग ह्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं ते बघून जा. सार्टन, लघवीची गोळी आणि वर अ‍ॅसिक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक, ही तीन एकत्र आली की किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो, त्यात उलट्या-जुलाब किंवा मे महिन्याचा घाम म्हणजे आणखी. शिवाय वेदनाशामकाने बीपी चढतं आणि टिझानिडीनने उतरतं, तुम्ही रोज सकाळी मोजता तो आकडा नक्की कशाचा ते कुणाला कळणार? तीन वर्षं काही झालं नाही हे खरं असेल, पण किडनी दुखून सांगत नाही.

मणका_आणि_मी | मंगळवार, दुपारी १:१५

नौपाड्यात फिजिओ आहे, दोन पेशंटच्या मध्ये डबा खाताना लिहितेय, चुका माफ.

आधी एक गैरसमज. ह्या गोळ्या आखडलेल्या स्नायूत जाऊन त्याला सैल करत नाहीत. जवळपास सगळ्या मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात, म्हणून तर झोप येते. थेट स्नायूवर काम करणारं एक डॅन्ट्रोलीन आहे, ते कंबर धरली म्हणून कुणी देत नाही. तेव्हा गोळी घेतल्यावर कंबर सुटल्यासारखी वाटते त्यातला काही भाग तुम्ही स्वतःच सुस्तावलेले असता हा असतो.

आणि स्नायू आखडतो तो बहुतेक वेळा आतल्या दुखऱ्या भागाला जपण्यासाठी. तुटलेल्या पायरीवर आपण अंग आवळून चालतो तसं. मग तो आवळलेला राहिल्याने दुखतो, दुखतो म्हणून आणखी आवळतो. गोळीचं काम एवढंच की दोन-चार दिवस हे चक्र ढिलं करायचं, आणि त्या दोन-चार दिवसांत तुम्ही हललं पाहिजे. लोक करतात उलटं. गोळी घेऊन आठवडाभर पलंगावर, मग उठलं की परत धरते, मग माझ्याकडे येतात की ‘मॅडम गोळीने फरक नाही’. फरक पडायला तुम्ही कुठे उठलात?

फायदा किती तेही ऐका. २०२१ मध्ये ३१ चाचण्या एकत्र करून बघितल्या गेल्या, तर अशा गोळ्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं शंभरात आठ गुणांपेक्षाही कमी उतरलं होतं, आणि त्या पुराव्यावरही फार भरवसा ठेवता येत नाही असं त्यांनीच लिहिलं, वर चक्कर-झोप-मळमळ वाढली ती वेगळीच. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेचा २०१७ चा सल्लाही हाच की नव्या कंबरदुखीला आधी शेक, मालिश वगैरे बिनगोळीचं, आणि औषध लागलंच तर मग वेदनाशामक किंवा रिलॅक्सन्ट. मी गोळीविरुद्ध नाहीये, माझ्या स्वतःच्या मानेला मी तीन दिवस घेतलेली आहे. चौथ्या दिवशी नाही.

एमआरआयबद्दल पण लिहिणार होते, पेशंट आला, नंतर.

तळ्याकाठची | मंगळवार, दुपारी २:४०

आमच्या आजीचं गरम विटेला पंचा गुंडाळून शेकणं, तेच बरं म्हणायचं.

वाशीची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

वरचं सगळं वाचून घाबरून कुणी चालू असलेली गोळी पटकन बंद करू नका म्हणून मुद्दाम लिहितेय. सगळ्या रिलॅक्सन्ट सारख्या नसतात.

आईला पक्षाघात झाला त्याला चार वर्षं झाली, उजवा हात आणि पाय ताठ होतात, त्यासाठी न्यूरोलॉजिस्टनी बॅक्लोफेन लावलंय, दिवसातून तीनदा. मागच्या गौरी-गणपतीला सावंतवाडीला गेलो आणि गोळ्यांचा डबा वाशीला फ्रीजवर राहिला. बाकी बीपीच्या वगैरे तिथे मिळाल्या, ही त्या दिवशी मिळाली नाही, मी म्हटलं स्नायूचीच तर आहे, चार दिवसांनी काय होतंय. दुसऱ्या रात्री आई भिंतीकडे बघून माझ्या मामाशी बोलायला लागली. मामा जाऊन अकरा वर्षं झाली. घरात गणपती, सगळे हात जोडून उभे, काकू म्हणे काहीतरी दिसतंय तिला. मी हात लावून बघितला तर अंग तापलेलं आणि पाय लाकडासारखा. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बॅक्लोफेन कधीपासून बंद आहे? हे औषध एकदम तोडलं तर असे भास होतात, फिट्सही येऊ शकतात. गोळी परत सुरू केल्यावर एक-दीड दिवसात आई ताळ्यावर आली आणि म्हणाली मोदक कुठे ठेवलेत.

तेव्हा हे रोज घेणाऱ्यांनी प्रवासात गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक पर्समध्ये एक बॅगेत. कमी करायच्या तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि किडनी कमजोर असेल तर तेही त्यांना आधीच सांगा, कारण बॅक्लोफेन लघवीवाटेच बाहेर जातं, किडनी चालत नसेल तर साठतं आणि माणूस गुंगीत जातो. डायलिसिसवाल्यांना तर फारच जपून.

घोडबंदरवासी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

बापरे. मामाचं वाचून काटा आला. म्हणजे माझी गोळी उरली म्हणून घेतली तर संकट आणि तुमची राहिली म्हणून संकट.

काउंटरपलीकडून | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

टिझानिडीनसुद्धा जे मोठ्या डोसमध्ये बरेच महिने घेतात त्यांनी एकदम तोडायचं नसतं, बीपी उसळतं. तुमच्यासारख्या तीन दिवसवाल्यांना ते लागू नाही.

कळवेकरीण | मंगळवार, रात्री ९:०५

जरा वैयक्तिक आहे. लग्नाला वर्ष झालं, आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. बसून काम, पाठ भरून येते. मागच्या महिन्यात एकांनी थायोकोल्चिकोसाइडवाली दिली होती, मी पाच दिवस घेतली. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता टेन्शन आलंय.

काउंटरपलीकडून | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, आधी टेन्शन घेऊ नका, गायनॅककडे जाऊन तारखा सांगा, त्या नीट बघतील. पण पुढे लक्षात असू द्या की गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि दिवस जाण्याची शक्यता असताना हे औषध नको असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ पासून सांगितलंय. कारण शरीरात त्याचं मोडून जे बनतं त्याने पेशी दुभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते असं प्रयोगांत दिसलं. त्याचवेळी त्यांनी मुदतही घातली, तोंडाने घ्यायचं असेल तर जास्तीत जास्त सात दिवस, इंजेक्शन असेल तर पाच, आणि सोळा वर्षांच्या आतल्यांना नाही. फिट्स येणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगायचं. आपल्याकडे मात्र लोक त्याची चिठ्ठी महिनोन्‌महिने फिरवतात.

येऊरचा_भटक्या | मंगळवार, रात्री १०:१२

थांबा, ह्यात मला बोलायचंय, औषधातलं कळत नाही पण झाडातलं कळतं. हे थायोकोल्चिकोसाइड ज्याच्यापासून बनवतात ते द्रव्य मिळतं कळलावीच्या बियांतून. कळलावी म्हणजे पावसाळ्यात येऊरला पाटोणपाड्याकडे जाताना कुंपणावर चढलेली दिसते ना, पानाचं टोक विंचवाच्या नांगीसारखं वळून आधाराला धरतं, फूल आधी पिवळट हिरवं मग ज्वाळेसारखं लालभडक, पाकळ्या उलट्या वळलेल्या. अग्निशिखा पण म्हणतात. तामिळनाडूत बियांसाठी तिची शेती करतात, त्यांचं राज्यफूलच आहे ते.

आता नाव बघा. कळ-लावी. बाळंतपणाच्या कळा लागाव्यात म्हणून जुन्या काळी तिचा कंद वापरायचे, म्हणून हे नाव. आणि आज तिच्याच वंशातली गोळी पोटुशीला देऊ नका म्हणून सांगतायत. आपल्या म्हाताऱ्यांनी नावातच चिठ्ठी लिहून ठेवली होती. (कृपया कुणी कंद उकरायला जाऊ नका, अख्खं झाड जहाल विषारी आहे, कंदाने माणसं दगावलेली आहेत.)

कळवेकरीण | मंगळवार, रात्री १०:४०

धन्यवाद सगळ्यांना. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली. गोळी बंद होऊन तीन आठवडे झालेत आणि त्यानंतर पाळी येऊन गेलीय, त्यामुळे जरा धीर आहे. आणि येऊरच्या दादा, ती वेल आमच्या पारसिकच्या डोंगरावर पण असते, मी लहानपणी नखांवर लावायचे पाकळ्या. आई मारायची, आता कळलं का.

निवृत्त_बेलापूर | बुधवार, सकाळी ८:००

संध्याकाळी एखादा पेग घेतला तर चालतो का, की तेही बंद?

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:१०

काका 😂

काउंटरपलीकडून | बुधवार, सकाळी ८:४५

नाही चालत काका. दोन्ही मेंदूला झोपवतात, बेरीज नाही गुणाकार होतो. क्लोरझॉक्साझोन असेल तर ते क्वचित लिव्हरला जबर इजा करतं, त्यात दारू म्हणजे घरात आलेल्या चोराला शिडी. आणि त्याच जोडगोळीत पॅरासिटामॉल असतं ३२५ किंवा ५००, वर अंग मोडून आलं म्हणून ६५० ची तापाची गोळी, दिवसभरात किती गेलं ते मोजतं कोण? धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही, आणि रोज घेणाऱ्याला, म्हणजे दारू रोज घेणाऱ्याला, त्याहून कितीतरी कमी.

क्लोरझॉक्साझोनवर कधीकधी लघवी केशरी-लालसर होते, ती गोळी शरीरात मोडून जे बनतं त्यामुळे, घाबरू नका. पण डोळे पिवळे, भूक मेलेली, मळमळ आणि लघवी चहासारखी, असं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

आणि रात्री लघवीला उठता ना? गुंगीत उठताना पडून खुब्याचं हाड मोडलं की कंबरदुखी बरी होती म्हणायची वेळ येते. ६५ च्या पुढे टाळाव्यात अशा औषधांची जी अमेरिकन यादी आहे तिच्यात क्लोरझॉक्साझोन, मेथोकार्बामॉल, सायक्लोबेन्झाप्रीन ही सगळी मंडळी आहेत. सायक्लोबेन्झाप्रीन तर प्रोस्टेटवाल्यांची लघवी तुंबवू शकतं, काचबिंदूवाल्यांना नकोच.

निवृत्त_बेलापूर | बुधवार, सकाळी ९:१५

बरं. शनिवारी जातो डॉक्टरकडे. सौ. ने हा धागा माझ्या आधी वाचलाय असं दिसतंय, बाटली जागेवर नाही.

माजिवड्याची_आई | बुधवार, दुपारी १२:२०

मान वाकडी झाली म्हणजे दरवेळी लचकच असते असं नाही. मुलाला (वय १५) उलट्या होत होत्या, मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं, घरी आल्यावर तीन-चार तासांत मान एका बाजूला वळून अडकली, जबडा आवळला, डोळे वर. शेजारच्या मावशी तेल चोळायला लागल्या, स्नायूची गोळी द्या म्हणाल्या. मी परत दवाखान्यात पळाले. ते त्या इंजेक्शनचंच रिअ‍ॅक्शन होतं, त्यावरचं दुसरं इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात मान सरळ. तरुण मुलांमध्ये जास्त होतं म्हणाले. तर नवीन औषध चालू झाल्यावर लगेच काही आखडलं तर आधी ते औषध आठवा.

मणका_आणि_मी | बुधवार, दुपारी १:३०

उत्तम सांगितलंत. अशाच आणखी जागा सांगते जिथे गोळी घेऊन वाट बघायची नाही. कंबरदुखीसोबत लघवी अडकली किंवा कळत नकळत होतेय, बसायच्या जागी बधीर वाटतंय, पाऊल उचलत नाहीये चप्पल घसटतेय, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटलला, कळव्याचं मोठं हॉस्पिटल असो नाहीतर जवळचं, उशीर केला तर कायमचं नुकसान होतं. ताप आहे, विनाकारण वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालाय, म्हातारं माणूस नुसतं धप्पकन बसलं आणि तेव्हापासून दुखतंय, हे सगळं आधी दाखवायचं. डावा हात-खांदा आखडल्यासारखं आणि घाम, ते हार्टचं असू शकतं, स्नायू समजून चोळत बसू नका, तासभर घालवलेले पेशंट मला माहितीयत. एकाच पोटरीत गोळा, ती सुजलेली आणि गरम, तर चोळायची अजिबात नाही, आत गुठळी असू शकते. दोन्ही पोटऱ्यांत रात्री पेटके येत असतील तर कोलेस्टेरॉलची गोळी, लघवीची गोळी, पाणी कमी पिणं, हे सगळं डॉक्टरांसमोर ठेवा.

एमआरआयचं राहिलं होतं. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय केला, निम्म्याहून जास्त लोकांत कुठल्या ना कुठल्या चकतीला फुगवटा निघाला. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ दिसला म्हणून कंबर मोडलीच असं धरून चालू नका आणि त्या शब्दाच्या भीतीने सहा महिने गोळ्या खाऊ नका.

घोडबंदरवासी, तुम्ही बसमध्ये कुठे बसता?

घोडबंदरवासी | बुधवार, दुपारी १:५५

मागच्या चाकाच्या वर. तिथेच जागा मिळते.

मणका_आणि_मी | बुधवार, दुपारी २:०५

घोडबंदर रोड, मेट्रोच्या कामाचे खड्डे आणि मागच्या चाकावरची सीट. गोळी नका बदलू, सीट बदला. उभं राहिलात तरी चालेल, गुडघे किंचित सैल ठेवून. ऑफिसात दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरायला जा, छोटी बाटली ठेवा म्हणजे जावंच लागेल. आणि जार उचलू नका हो, त्याला नळाचा पंप मिळतो.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५०

एक राहिलं. आमच्याकडे एक जण कारिसोप्रोडॉल शोधत असतो, म्हणे झकास झोप लागते. ते काय प्रकरण?

काउंटरपलीकडून | गुरुवार, सकाळी ८:०५

त्याला लांब ठेवा आणि जमलं तर मित्रालाही. ते शरीरात जाऊन मेप्रोबामेट बनतं, ती जुनी झोपेची-चिंतेची गोळी, सवय लागते. युरोपात ह्याच कारणाने ते बाजारातून काढलं. टॅपेन्टाडॉल ह्या जबर वेदनाशामकाबरोबरची त्याची जोडगोळी तर इथून पश्चिम आफ्रिकेत जाऊन नशेसाठी विकली जात होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने तिचं उत्पादन आणि निर्यातीच्या परवानग्या काढून घेतल्या. झोप हवी असेल तर मित्राला झोपेच्या डॉक्टरकडे पाठवा.

आणि कुणाला कुठल्याही औषधाने त्रास झाला तर तो कळवता येतो, हे गिऱ्हाइकांना माहीतच नसतं. १८००-१८०-३०२४, सरकारी, फुकट. घोडबंदरवासी, तुमचं बीपीचं तिथे नोंदवा.

घोडबंदरवासी | गुरुवार, रात्री १०:२०

नोंदवलं. आधी कुठली कंपनी, किती मिग्रॅ, बॅच नंबर, सगळं विचारलं, तेव्हा कळलं की माझ्या पट्टीवर बॅच नंबरचा भाग कापलेलाच नव्हता, नशीब. नेहमीचे डॉक्टर गावाहून आले, त्यांच्याकडे गेलो, ह्यावेळी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून नेलं, चालू औषधं, उरलेली औषधं, आणि हो, बायको रात्री झोपायला देते तो काढासुद्धा. ते म्हणाले गोळीची गरज नाही आता, चाला. तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या आज.

उरलेल्या गोळ्यांचं काय करू? बेसिनमध्ये टाकू?

काउंटरपलीकडून | गुरुवार, रात्री १०:३५

बेसिनमध्ये नको, संडासातही नको. पट्टीतून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात वेगळी द्या. रिकामी पट्टी कापून टाका. आणि एकट्या कंबरेच्या नका टाकू, अख्खा ड्रॉवर काढा.

घोडबंदरवासी | गुरुवार, रात्री ११:४०

काढला. अँटिबायोटिकच्या अर्ध्या तीन पट्ट्या, कुणाच्या ते दोघांनाही आठवत नाही. डोळ्यांचे ड्रॉप्स, २०२१ चे. एक पट्टी बिननावाची, पिवळ्या गोळ्या, बायको म्हणते तुझ्या, मी म्हणतो तिच्या. आणि सगळ्यात तळाला सोसायटीच्या पार्किंगचं स्टिकर, ज्याच्यासाठी मी सेक्रेटरीशी वर्षभर भांडतोय.